स्कॉटलंडची जुनी नगरपरिषद : पदे कशी भरली जात आणि कर कसा वसूल होई?

१४६९ ते १८३३ या काळात स्कॉटलंडमधल्या बहुतेक मोठ्या शहरांत नगरपरिषदेची निवडणूक होत असे, पण तिथे मतदार नसत. मुदत संपलेली परिषदच नवी परिषद निवडत असे. हीच मंडळी शहरातले सगळे अधिकारी ठरवत, कोणत्या घराने किती कर द्यायचा हे सांगणारे पंच नेमत आणि खजिनदाराचा हिशेबही स्वतःच तपासत. साडेतीनशेहून अधिक वर्षे हा कारभार टिकला. तो कसा चालत होता आणि शेवटी का मोडला, हे एडिंबरा आणि तिच्यासारख्या काही शहरांच्या उदाहरणांवरून पाहू.

रॉयल बरो म्हणजे काय?

बाराव्या शतकात राजा पहिला डेव्हिड (कारकीर्द ११२४–११५३) याने काही वसाहतींना सनदा देऊन व्यापाराचे खास हक्क दिले. अशा राजसनदी शहरांना 'रॉयल बरो' म्हणत. एडिंबरा, स्टर्लिंग, पर्थ, ॲबर्डीन ही त्यांतली जुनी नावे. तिथे राहणारा प्रत्येक जण नागरिक मानला जात नसे. 'बर्जेस' हा दर्जा असलेल्यालाच शहरात स्वतःचा व्यापार किंवा धंदा करता येई. हा दर्जा वडिलांकडून मिळे, बर्जेसच्या मुलीशी लग्न करून मिळे, उमेदवारी पूर्ण करून मिळे, नाहीतर पैसे भरून विकत घ्यावा लागे. त्या वेळी घ्यायच्या शपथेत शहराच्या करातला आपला वाटा उचलण्याचे वचन असे. शहराच्या रात्रपहाऱ्याची पाळीही बर्जेसांवर येई.

शहर राजाला वर्षाला ठरावीक रक्कम देई. सुरुवातीला राजाचे अधिकारी भाडी, जकात आणि दंड स्वतः गोळा करत. पुढे शहरांनी हा सगळा वसूल एका कायमच्या रकमेवर स्वतःकडे घेतला. ॲबर्डीनने १३१९ मध्ये रॉबर्ट ब्रूसकडून वर्षाला २१३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्सवर हा हक्क मिळवला, तर एडिंबराने १३२९ मध्ये ५२ मर्कांवर (मर्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश भाग). रक्कम कायमची होती आणि पैशाची किंमत शतकानुशतके घसरत गेली, त्यामुळे हा सौदा शहरांच्या चांगलाच पथ्यावर पडला. वसूल स्वतःकडे आला म्हणजे तो करणारी माणसेही स्वतःची हवीत, म्हणून नगरपरिषदेतल्या पदांना वजन आले.

परिषद स्वतःलाच कशी निवडे?

जुना रिवाज असा की मायकलमसच्या सुमारास, म्हणजे २९ सप्टेंबरच्या आसपास, शहराची मोठी सभा भरे आणि तिथे बर्जेस मंडळी आपले अधिकारी निवडत. या सभांत साध्या माणसांची गर्दी आणि आरडाओरडा फार होतो, अशी तक्रार करत १४६९ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा केला. त्यानुसार जुन्या परिषदेने नवी परिषद निवडायची आणि मग जुन्या व नव्या परिषदेने एकत्र बसून अधिकारी निवडायचे. अधिकाऱ्यांच्या निवडीत प्रत्येक कारागीर-संघाचा एक प्रतिनिधी मत देई. १४७४ मध्ये आणखी एक तरतूद आली : जुन्या परिषदेतले चार जण नव्या परिषदेत राहतील. कारभारात सातत्य राहावे हा त्यामागचा हेतू असेल, पण तीच माणसे पुन्हा पुन्हा येण्याची सोयही त्यात झाली.

परिषदेत कोणाचे किती लोक, यावर व्यापारी आणि कारागीर यांच्यात जुने भांडण होते. एडिंबरामध्ये ते इतके पेटले की १५८३ मध्ये राजा सहावा जेम्स याच्या मध्यस्थीने निवाडा झाला. त्यात २५ जणांची परिषद ठरली. प्रोव्होस्ट, चार बेली, डीन ऑफ गिल्ड आणि खजिनदार हे सात पदाधिकारी, शिवाय दहा व्यापारी आणि आठ कारागीर. बहुमत अर्थातच व्यापाऱ्यांकडे राहिले, पण कारागिरांना कायमच्या जागा मिळाल्या.

कारागीर-संघाच्या प्रमुखाला 'डीकन' म्हणत. एडिंबरातली डीकनची निवड पाहिली की सूत्रे कोणाच्या हातात होती ते कळते. संघ सहा नावांची यादी परिषदेकडे पाठवी, परिषद त्यातली तीन खोडून उरलेली तीन परत पाठवी आणि त्यातून संघ एकाला निवडे. या यादीला 'लीट' म्हणत. नोकरीसाठी निवडलेल्या उमेदवारांच्या यादीला स्कॉटलंडमध्ये आजही 'शॉर्ट लीट' म्हणतात. परिषदेला नको असलेला माणूस संघाला कितीही प्रिय असला, तरी तो मधल्या टप्प्यावरच गळे. उलट परिषदेला चाललेला माणूस भला असेलच याचीही खात्री नव्हती. सुतारांच्या संघाचा डीकन आणि परिषदेचा सदस्य असलेला विल्यम ब्रोडी दिवसा प्रतिष्ठित लोकांची कपाटे बनवी आणि रात्री घरफोड्या करी. अबकारी कचेरी लुटण्याच्या प्रकरणात तो पकडला गेला आणि १ ऑक्टोबर १७८८ रोजी त्याला फाशी झाली.

पदे कोणती आणि ती कोणाला मिळत?

सर्वांत वर प्रोव्होस्ट, म्हणजे आपल्याकडच्या नगराध्यक्षासारखा. त्याच्या हाताखालचे बेली हे प्रशासक आणि न्यायाधीश दोन्ही असत. बाजारातली भांडणे, उसनवारीचे दावे आणि किरकोळ गुन्हे त्यांच्यासमोर चालत. डीन ऑफ गिल्डकडे व्यापाऱ्यांचे हक्क, वजनेमापे आणि शेजाऱ्यांमधले बांधकामाचे वाद असत.

खजिनदाराचे पद मानाचे खरे, पण जोखमीचे. वर्षभरात शहराचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला, तर फरक त्याला पदरचा घालावा लागे आणि नंतरच्या वसुलीतून तो परत मिळण्याची वाट पाहावी लागे. त्यामुळे पैसेवाला व्यापारीच या पदाला परवडे. पद नाकारले तर अनेक शहरांत दंड होई. बैठकीला गैरहजर राहिल्याबद्दलही दंड असे. पद म्हणजे हक्क नसून बर्जेसने पाळायची जबाबदारी आहे, अशी त्यामागची समजूत होती. याची दुसरी बाजूही होती. ज्याच्याकडे वेळ आणि पैसा दोन्ही आहेत अशी घराणी प्रत्येक गावात मोजकीच असत आणि पदे त्यांच्यातच फिरत राहत.

या निवडून आलेल्यांखाली पगारी किंवा हक्काच्या उत्पन्नावर जगणारी माणसे होती. टाउन क्लार्क म्हणजे नगरपरिषदेचा चिटणीस. परिषद दर वर्षी बदले, तो मात्र वर्षानुवर्षे तिथेच असे. सनदा, ठराव आणि खरेदीखते त्याच्या ताब्यात असल्याने त्याच्याशिवाय कोणाचे पान हलत नसे. समन्स बजावणारे आणि जप्ती आणणारे शिपाई होते, दवंडी देणारा ढोलवाला होता. शहराचा फाशी देणारा 'लॉकमन' म्हणून ओळखला जाई, कारण बाजारात आलेल्या पिठाच्या प्रत्येक पोत्यातून एक 'लॉक', म्हणजे मूठभर पीठ, घेण्याचा त्याला हक्क होता. मराठी वाचकाला इथे बलुत्याची आठवण झाली तर नवल नाही.

प्रोव्होस्टने सलग दोन वर्षांहून जास्त काळ पदावर राहू नये, असा रिवाज होता. तो कसा पाळला जाई हे जॉर्ज ड्रमंड याच्या कारकिर्दीवरून दिसते. आजच्या एडिंबराची ओळख असलेल्या न्यू टाउनची पायाभरणी ज्याच्या प्रयत्नांतून झाली तो हा ड्रमंड. तो १७२५ ते १७६४ या काळात सहा वेळा प्रोव्होस्ट झाला. शेवटच्या पाच खेपा तर दोन वर्षे पदावर आणि दोन वर्षे बाहेर अशा नियमित होत्या. नियम पाळला गेला, पण सत्ता त्याच वर्तुळात राहिली. ड्रमंडच्या बाबतीत शहराचा फायदा झाला, पण प्रत्येक शहराच्या नशिबी ड्रमंड नव्हता.

निवडणुकीचा दिवस चुकला तर?

जुनी परिषदच नवी परिषद निवडणार असेल, तर ठरलेल्या दिवशी निवडणूक झाली नाही की साखळी तुटे. एडिंबरावर ही वेळ १७४५ मध्ये आली. सप्टेंबरमध्ये प्रिन्स चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टच्या बंडखोर सैन्याने शहर घेतले. मायकलमसची निवडणूक झालीच नाही आणि शहराला कायदेशीर परिषद उरली नाही. बंड मोडल्यावर १७४६ मध्ये राजाच्या खास आज्ञेने बर्जेसांचे मतदान घेऊन नवी परिषद बसवावी लागली. ड्रमंड दुसऱ्यांदा प्रोव्होस्ट झाला तो तेव्हाच. १६८९ मध्ये राज्यक्रांतीनंतरही असेच मतदान झाले होते. म्हणजे बर्जेसांकडून मतदान घेणे अशक्य होते असे नाही. पण ते अडचणीच्या वेळी वापरायचे आणि काम झाले की पुन्हा बंद करायचे, असेच दोन्ही वेळा झाले.

राजसत्ताही या बंदिस्त परिषदेत हात घालत असे. कॅथलिक धर्मगुरूंना शहराबाहेर घालवण्याचा हुकूम काढला म्हणून १५६१ मध्ये मेरी राणीने एडिंबराचा प्रोव्होस्ट आणि बेली यांना पदावरून काढले. सातव्या जेम्सने तर १६८६ मध्ये बरोंच्या निवडणुका थांबवून आपलीच माणसे नेमली.

शहराचे उत्पन्न : कॉमन गुड आणि मक्ते

परिषदेचे रोजचे उत्पन्न प्रामुख्याने करातून येत नसे. ते 'कॉमन गुड'मधून येई. शहराच्या मालकीच्या जमिनी, गिरण्या, दुकाने, मासेमारीचे हक्क, बाजार व बंदरावरची जकात हे सगळे मिळून कॉमन गुड. ॲबर्डीनच्या कॉमन गुडचे मूळ रॉबर्ट ब्रूसने दिलेल्या स्टॉकेटच्या जंगलात आहे. हे उत्पन्न शहराच्या सामाईक हितासाठीच खर्च करावे, असा कायदा १४९१ मध्ये झाला.

जकात परिषद स्वतः गोळा करत बसत नसे. दर वर्षी तिचा जाहीर लिलाव होई आणि सर्वांत मोठी बोली लावणारा मक्ता घेई. त्याने जामीन द्यायचा, ठरलेली रक्कम परिषदेला भरायची आणि वर जे मिळेल ते आपले. परिषदेला ठरलेला पैसा मिळे आणि बाजारातल्या शिव्या मक्तेदाराच्या वाट्याला येत. ग्लासगोत धान्याच्या प्रत्येक पोत्यातून एक पळीभर धान्य घेतले जाई, त्या जकातीचे नावच 'लेडल' म्हणजे पळी असे होते. माल 'ट्रॉन' या सार्वजनिक काट्यावर तोलावा लागे आणि तोलाईही द्यावी लागे. ग्लासगो आणि एडिंबरात ट्रॉन हे नाव अजून टिकून आहे. 'टोलबूथ' ही मुळात जकात भरायची जागा. पुढे तिथेच परिषदेची बैठक, न्यायालय आणि तुरुंग असे सगळे एका छताखाली आले.

मोठ्या खर्चासाठी संसदेकडून वेगळी परवानगी घेऊन शहरात विकल्या जाणाऱ्या बिअरवर कर बसवला जाई. १६९३ मध्ये एडिंबरा आणि ग्लासगोला प्रत्येक पिंटामागे दोन स्कॉट्स पेनी घेण्याचा अधिकार मिळाला.

स्टेंट : कोणी किती द्यायचे?

कॉमन गुड पुरले नाही किंवा राजाने कर मागितला की 'स्टेंट' बसे. हृदयाच्या नळीत बसवतात त्या स्टेंटशी याचा संबंध नाही. हा शब्द आकारणी या अर्थाचा आहे.

देशावर कर बसला की सोळाव्या शतकातल्या पद्धतीप्रमाणे त्याचा अर्धा भाग चर्चने, एक तृतीयांश जमीनदारांनी आणि एक षष्ठांश राजसनदी शहरांनी द्यायचा. शहरांचा वाटा आपसात वाटून घेण्याचे काम सर्व रॉयल बरोंची परिषद करी. दर शंभर पौंडांमागे कोणत्या शहराने किती द्यायचे, अशी तिची यादी असे. १६७०च्या यादीत एकट्या एडिंबराच्या वाट्याला सुमारे एक तृतीयांश भार होता आणि ग्लासगो सुमारे १२ पौंडांसह दुसऱ्या क्रमांकावर आले होते. आपला वाटा कमी व्हावा म्हणून शहरे बंदर गाळाने भरल्याच्या, व्यापार बुडाल्याच्या करुण कहाण्या सांगत. त्या सगळ्याच खऱ्या मानायचे कारण नाही.

शहराचा आकडा ठरला की परिषद 'स्टेंटमास्टर' नेमी. व्यापारी आणि कारागीर यांच्यातून घेतलेले हे पंच शपथ घेऊन बसत आणि प्रत्येक घराच्या नावापुढे रक्कम लिहीत. निकष एकच, माणसाची ऐपत. ती मोजायला ठरावीक सूत्र नव्हते. कोणाचे जहाज परत आले, कोणी मुलीच्या लग्नात किती दिले, कोणाच्या दुकानात किती नोकर आहेत, हे छोट्या शहरात सगळ्यांना माहीत असे आणि त्याच माहितीवर काम चाले. अन्याय झाला असे वाटणाऱ्याने दाद मागायची ती परिषदेकडे, म्हणजे पंच नेमणाऱ्यांकडेच.

पद्धत अगदीच मनमानीची होती असेही नाही. शेजाऱ्याची ऐपत शेजाऱ्याला कळते, हे तिचे बळ होते. १६३० च्या दशकात एडिंबराने धर्मगुरूंच्या पगारासाठी कर बसवताना घरभाड्याचा आधार घेतला. १६३५ची ती वही आजही शहराच्या दप्तरात आहे. कोणत्या घराचा मालक कोण, भाडेकरू कोण आणि भाडे किती, हे तिच्यात घरागणिक लिहिलेले आहे. अंदाजाऐवजी भाड्याचा आकडा धरायचा ही कल्पना पुढे घरपट्टीचा पाया ठरली.

सूट कोणाला होती, हा कायमचा वादाचा विषय होता. एडिंबरातले न्यायाधीश आणि वकील यांच्या 'कॉलेज ऑफ जस्टिस' या संस्थेच्या सदस्यांना शहराच्या करांतून माफी होती. शहरातली काही सर्वांत चांगली घरे त्यांचीच. त्यांचा भार बाकीच्यांवर पडे. नवऱ्यामागे धंदा चालवणाऱ्या विधवांची नावे मात्र कराच्या यादीत न चुकता असत.

कर भरला नाही तर?

पहिला उपाय जप्ती. शिपाई घरात येऊन भांडी, कपडे, कापड असे काही उचलून नेई; ते सोडवून घेतले नाही तर विकून रक्कम वसूल करत. त्यानंतरचा मार्ग तुरुंगाचा, आणि बर्जेसपण काढून घेण्याची भीतीही असे. देशाच्या कराच्या थकबाकीसाठी आणखी एक उपाय होता : थकबाकीदाराच्या घरी सैनिक राहायला पाठवायचे. कर भरेपर्यंत त्यांच्या राहण्याखाण्याचा भार त्या घराने सोसायचा.

हिशेब कोण मागणार?

खरी मेख इथे होती. बरोंनी दर वर्षी आपले हिशेब राजाच्या कोषागारापुढे ठेवावेत, असा कायदा १५३५ मध्येच झाला होता. तो कागदावर राहिला. अठराव्या शतकात शहरांच्या जमिनी परिषदेतल्याच लोकांना किंवा त्यांच्या सोयऱ्यांना स्वस्तात दिल्याच्या तक्रारी वाढल्या. नागरिक हिशेब मागायला न्यायालयात गेले, तेव्हा त्यांना दाद मिळाली नाही.

१७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडचे एकीकरण झाल्यानंतर या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला. ब्रिटिश संसदेतला एडिंबराचा खासदारही परिषदच निवडत असे. २५ जणांच्या परिषदेला आणखी आठ डीकन जोडून एकूण ३३ मतदार होत. एवढ्या मोठ्या शहराचा खासदार ३३ माणसे खूश ठेवली की मिळतो म्हटल्यावर लंडनमधल्या सरकारला ही पद्धत बदलण्याची घाई असण्याचे कारण नव्हते. १७८४ मध्ये सुधारणावाद्यांची परिषद एडिंबरात भरली. नाटककार आणि खासदार रिचर्ड शेरिडन याने १७८७ पासून त्यांची बाजू पुन्हा पुन्हा संसदेत मांडली, पण हाती काही लागले नाही.

शेवटी कर्जानेच हा कारभार मोडला. डंडीमध्ये अलेक्झांडर रिडॉक याचा शब्द अनेक दशके चालत होता. तो दोन वर्षे प्रोव्होस्ट असे आणि मधल्या काळात त्याच्या विश्वासातला माणूस. बंदराची जकात वसूल होई, पण बंदर सुधारत नसे. वैतागलेल्या व्यापाऱ्यांनी १८१५ मध्ये संसदेकडून कायदा करून घेऊन बंदर परिषदेच्या हातातून काढले. ॲबर्डीनने युनियन स्ट्रीटसारखे भव्य रस्ते कर्ज काढून बांधले आणि १८१७ मध्ये परिषदेने आपण दिवाळखोर झाल्याचे जाहीर केले. निवडीची पद्धतच सदोष आहे, असे पायउतार होणाऱ्या परिषदेने स्वतःच मान्य केले. १८३३ मध्ये लीथ बंदराच्या गोद्यांसाठी काढलेल्या कर्जाखाली एडिंबराही बुडाले. ज्या नागरिकांनी या कर्जांना कधी होकार दिला नव्हता, त्यांच्याच शहराची मालमत्ता देणेकऱ्यांच्या ताब्यात गेली.

१८३३ नंतर

त्याच वर्षी कायदा झाला. रॉयल बरोंमध्ये वर्षाला १० पौंड किंवा त्याहून जास्त भाड्याचे घर असणाऱ्या पुरुषांना परिषद निवडण्याचा हक्क मिळाला आणि दर वर्षी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होऊ लागले. पहिली निवडणूक नोव्हेंबर १८३३ मध्ये झाली. कराच्या यादीत शतकानुशतके नाव असलेल्या विधवांना मात्र आणखी जवळजवळ पन्नास वर्षे थांबावे लागले. करदात्या स्त्रियांना नगरपरिषदेचे मत १८८१–८२ च्या कायद्यांनी मिळाले आणि १९०७ मध्ये त्यांना परिषदेवर निवडून येता येऊ लागले.

मत मिळाल्याने कराचे भांडण मिटले नाही. एडिंबरात 'ॲन्युइटी टॅक्स' नावाचा १६६१ पासूनचा कर होता. घरभाड्याच्या सहा टक्के एवढी रक्कम अधिकृत चर्चच्या धर्मगुरूंच्या पगारासाठी घेतली जाई, मग भरणारा त्या चर्चचा असो वा नसो. वकिलांना इथेही माफी होती. १८३३ च्या ऑगस्टमध्ये प्रकाशक विल्यम टेट याने तो भरायला नकार दिला आणि चार दिवस तुरुंगात काढले. सुटल्यावर लोकांनी त्याची मिरवणूक काढली. त्याच्यासारखे आणखीही लोक तुरुंगात गेले, अनेकांच्या घरातले सामान जप्त झाले. १८४३ मध्ये अधिकृत चर्च फुटून सुमारे एक तृतीयांश धर्मगुरू बाहेर पडले, तेव्हा ज्यांच्या चर्चला या कराचा काहीच उपयोग नव्हता अशा करदात्यांची संख्या एकदम वाढली. डंकन मॅक्लॅरेन या माजी प्रोव्होस्टने हा लढा लावून धरला. १८६० मध्ये कर कमी करून दुसऱ्या पट्टीत मिसळला गेला, पण लोकांना ती चलाखी वाटली. १८७० मध्ये तो पूर्ण गेला.

१८५४च्या कायद्याने संपूर्ण स्कॉटलंडसाठी एकसारखी मूल्यांकन-यादी आली आणि ऐपतीच्या अंदाजाची जागा घराच्या वार्षिक भाडेमूल्याने घेतली. ही घरपट्टी १९८९ पर्यंत चालली. त्या वर्षी १ एप्रिलला स्कॉटलंडमध्ये, इंग्लंडच्या एक वर्ष आधी, दरडोई सारखा 'पोल टॅक्स' लागू झाला. लाखो लोकांनी तो भरला नाही आणि १९९३ मध्ये त्याच्या जागी घराच्या किमतीनुसार कौन्सिल टॅक्स आला. थकबाकीसाठी घरातले सामान जप्त करून विकण्याची जुनी पद्धत पोल टॅक्सच्या वेळीही वापरली गेली. तिच्यावरचा राग इतका होता की नव्या स्कॉटिश संसदेने २००१ मध्ये ती रद्द करणारा कायदा केला.

रॉयल बरो हे प्रशासकीय एकक म्हणून १९७५ मध्ये संपले. प्रोव्होस्ट आणि बेली ही नावे अनेक परिषदांत अजून वापरात आहेत. कॉमन गुडही कायद्याने टिकून आहे, आणि कोणती मालमत्ता त्यात मोडते याची यादी प्रत्येक परिषदेने प्रसिद्ध करावी, असे २०१५चा कायदा सांगतो.